मागच्या भिंतीची केस

विद्याधर टिपणीसांनी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली, आणि निवृत्त होताना कंपनीने दिलेल्या घड्याळाबरोबर एक ठाम समजूतही ते घरी घेऊन आले. जगात कुठलंही नुकसान आपोआप होत नाही. ते कोणीतरी केलेलं असतं, आणि तो कोणीतरी बहुतेक शेजारीच राहत असतो. मुलुंडला पाच रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांच्या वडिलांनी एक्केचाळीस साली बांधलेलं विटांचं कौलारू घर होतं. त्या घराच्या मागच्या खोलीची एक भिंत गेली सहा वर्षं ओली होती. बाकी सगळं घर ठणठणीत कोरडं आणि हीच एक भिंत ओली, म्हणजे ही सरळसरळ केस होती. आणि केस आहे म्हटल्यावर विद्याधरराव गप्प बसतील हे शक्यच नव्हतं.

त्यांनी भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. दर पंधरवड्याला ओल कुठवर चढली ते बघायचं, तिथे रेघ ओढायची, तारीख घालायची आणि खाली सही करायची.

"सही कशाला?" कुंदाताईंनी एकदा विचारलं होतं.

"उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर?"

भिंत कोर्टात कशी नेणार, हे कुंदाताईंनी विचारलं नाही. त्या विद्याधररावांची बायको होत्या, आणि या केसमधल्या खऱ्या आरोपीही त्याच होत्या.

ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, एक त्यांना आणि दुसरं धाकू गवंड्याला. झालं होतं असं, की मागच्या भिंतीला लागून, मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे कुंदाताईंचा अळू होता. गल्लीत अळू कोणाकडे नव्हता असं नाही, पण या अळूचं पान ताटाएवढं व्हायचं आणि घशाला कधी खाजायचं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी, लेकीच्या, उत्तराच्या वेळचं बाळंतपण आटोपून कुंदाताई नागावहून सासरी यायला निघाल्या, तेव्हा त्यांच्या आईने बाळंतविड्याच्या पिशवीत अळूचे तीन गड्डे ओल्या फडक्यात बांधून दिले होते. पुढे आई गेली. भावाने वाडी विकली. घेणाऱ्याने विहिरीसकट सगळं सपाट केलं आणि कुंदाताईंना नागावच्या एसटीत बसायला काही कारणच उरलं नाही. माहेर म्हणून बोट दाखवायला त्यांच्याकडे आता मोरीमागचा तो चार हात लांबीचा वाफा तेवढा होता. दर वर्षी त्या त्यात दोन घमेली माती आणि एक घमेलं शेणखत घालत. वर्षामागून वर्षं गेली आणि वाफा भिंतीला टेकून चांगला वर आला.

सहा वर्षांपूर्वी धाकू कौलं चाळायला आला होता. खाली उतरून त्याने वाफ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"बाई, हे काय करून ठेवलंत? तुमच्या सासऱ्यांनी जोत्यावर डांबराचा थर टाकलाय, जमिनीची ओल विटांत चढू नये म्हणून. माझ्या बापाच्या हातचं काम आहे ते. तुमची माती त्याच्या वर गेली की! आता ओल थराला विचारतेय कशाला? सरळ वरून आत शिरणार. हा अळू काढा, माती उतरवा, विषय खलास."

कुंदाताईंनी आजूबाजूला पाहिलं. विद्याधरराव बाजारात गेले होते. त्या आत गेल्या आणि ताटलीत आठ अळूवड्या घेऊन आल्या. चांगल्या कुरकुरीत तळलेल्या, वर ओलं खोबरं भुरभुरलेलं. धाकू पायरीवर बसला. तिसऱ्या वडीला त्याचा आवाज खाली आला, सहाव्या वडीला त्याने डांबराचा विषय सोडला आणि आठवी संपल्यावर तो म्हणाला, "तसं गिलावा करून बघायला काय हरकत आहे." त्यानंतर तो दर वर्षी येऊन त्या भिंतीला गिलावा करत असे, आठ वड्या खात असे आणि मान खाली घालून निघून जात असे.

खरा गुन्हेगार घरातच स्वयंपाक करत असल्यामुळे विद्याधररावांचा तपास दूरदूर फिरत राहिला. पहिलं वर्षभर त्यांनी महापालिकेला पत्रं लिहिली. मग कौलांवर संशय घेतला. मग, आता चार वर्षं, ते शेजारच्या सहदेवच्या टाकीवर येऊन थांबले होते.

सहदेव मालवणकडचा. गिरणीत होता, आणि संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच. आता पाच रस्त्यावर शहाळी विकायचा. संपाच्या काळात घरी नुसतं बसून डोकं फिरायला लागलं, तेव्हा त्याने दोन्ही घरांच्या मधल्या जागेत स्वतःच्या हाताने विटा-सिमेंटची पाण्याची टाकी बांधली. आयुष्यात त्याने बांधलेली ती एकमेव वस्तू. पाणी पहाटे तासभर यायचं, तेवढ्यात ती भरायची आणि सहदेव आणि त्याची बायको प्रेमा यांचा दिवस त्यावर निघायचा. टाकी बांधायच्या दोन वर्षं आधीपासून ओल होती, हे भिंतीवरच्या सह्यांनिशी सिद्ध होत होतं. कुंदाताईंनी ते एकदा दाखवूनही दिलं. विद्याधररावांनी चष्मा पुसला आणि "ती वेगळी ओल" असं सांगितलं.

हे असंच वर्षानुवर्षं चाललं असतं. भिंत ओली होती, विद्याधररावांना उद्योग होता, कुंदाताईंना अळू होता, आणि सहदेव टोमणे ऐकून हसून सोडत होता. पण मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात समोरच्या वाण्याकडे वांद्र्याहून फोन आला. जावई नंदकिशोर बोलत होता. उत्तराला चौथा महिना लागला होता.

कुंदाताईंनी वाण्याच्या दुकानातच साखर घेऊन सगळ्यांच्या हातावर ठेवली आणि घरी येईपर्यंत मागची खोली मनात सजवूनही टाकली. पहिलं बाळंतपण माहेरी, यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. खोली आडबाजूची होती, मोरी लागून होती, वर्दळ नव्हती. खिडकीखाली खाट, कोपऱ्यात शेगडी, आढ्याला पाळणा. एवढं सगळं मांडून झाल्यावर त्यांना भिंत आठवली.

पुढच्याच रविवारी विहीणबाई पेढे घेऊन आल्या. नलिनीबाई एका प्रसूतिगृहातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. बाई मनाने वाईट नव्हत्या. पण कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी बोट फिरवून धूळ बघत. विद्याधररावांनी सकाळीच मागच्या भिंतीवर तीन कॅलेंडरं शेजारी शेजारी टांगून ठेवली होती.

"एका भिंतीवर तीन कॅलेंडरं?" नलिनीबाई म्हणाल्या.

"तीन महिने एकदम दिसावेत म्हणून," विद्याधरराव म्हणाले.

"तिन्हींवर मार्चच आहे."

त्यांनी मधलं कॅलेंडर उचललं, तळवा भिंतीला लावला, दहापर्यंत मोजावं इतका वेळ तसाच ठेवला आणि मग हाताचा वास घेतला.

"ओल आहे."

"किंचित," विद्याधरराव म्हणाले. "शेजाऱ्याचा दोष आहे. प्रकरण चालू आहे."

"दोष कोणाचा का असेना, टिपणीससाहेब. मी बावीस वर्षं बाळंतिणी सांभाळल्यात. अशा खोलीत बाळाची छाती भरते, माझ्या डोळ्यांदेखत भरलेली आहे." मग त्या कुंदाताईंकडे वळल्या. "विहीणबाई, राग मानू नका. पण या भिंतीशी मी उत्तराला निजवणार नाही. बाळंतपण वांद्र्यालाच होईल."

कुंदाताईंनी हातातली वड्यांची ताटली खाली ठेवली. "अहो, पहिलं बाळंतपण... तिची आई जिवंत असताना..."

नलिनीबाई जरा विरघळल्या. तोंडात अळूवडी होती, त्याचाही काही परिणाम असेल. ती त्यांची पाचवी होती. "ठीक आहे. मेच्या शेवटच्या रविवारी मी परत येईन आणि हात लावून बघेन. भिंत कोरडी असली तर मी स्वतः उत्तराला आणून सोडीन. नसली तर मात्र विषय वाढवायचा नाही. वडी छान झाल्येय हो. घरचा अळू?"

"घरचाच," कुंदाताई म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांच्या घशाला खाजला.

त्या संध्याकाळी त्या वाफ्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं. हा अळू ठेवायचा तर उत्तराचं माहेर जातं, आणि उत्तराचं माहेर ठेवायचं तर हा अळू जातो. उद्या सांगू यांना, असं त्यांनी ठरवलं. उद्या उजाडला तेव्हा मधल्या गड्ड्याला एक नवं पान सुरळी करून वर आलं होतं. ते उलगडेपर्यंत थांबू, असं त्यांना वाटलं. अळूला पानं काही कमी येत नाहीत. असे पंधरा दिवस गेले.

विद्याधरराव मात्र पेटले होते. हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी ओल मारायची पावडर आणली, ती सिमेंटात कालवून भिंतीला थापली. ओल तिच्या मागून आली. मग त्यांनी ऑइलपेंट लावला. चार दिवस भिंत आरशासारखी चकाकली आणि पाचव्या दिवशी तिला पुरीएवढे फुगे आले. त्यांतला एक फोडला तर पाण्याची चिळकांडी थेट विद्याधररावांच्या चष्म्यावर उडाली. मग त्यांनी दोनशे वॅटचा बल्ब आणि टेबलफॅन भिंतीसमोर लावून ठेवला. त्याने खोलीतला पंचांगाचा कागद वाळून कडकडीत झाला, भिंतीने काही मनावर घेतलं नाही.

"उपचार करून उपयोग नाही," ते म्हणाले. "पुरावा पाहिजे."

क्लेम खात्यात पाणी कुठून येतं हे शोधायची एक जुनी युक्ती होती. संशयित टाकीत रंग घालायचा. तोच रंग भिंतीवर आला की काम फत्ते. विद्याधरराव मिठाईवाल्याकडून बर्फीत घालतात तो गुलाबी रंग घेऊन आले आणि सहदेवकडे रीतसर परवानगी मागायला गेले.

"खावचोच रंग ना?" सहदेव म्हणाला. "मगे घाला, दादानू. तुमचा समाधान होवंदे."

विद्याधररावांनी आपल्या मोरीत बसून बादलीत रंग कालवला. कालवताना बादली कलंडली आणि अर्धा रंग त्यांच्या पायजम्यावर सांडला. उरलेला त्यांनी टाकीत ओतला. दोन दिवस सहदेवच्या घरात सगळं गुलाबी झालं. भात गुलाबी, चहा गुलाबी, धुतलेली गंजीफ्रॉकही गुलाबी. प्रेमा एका शब्दाने रागावली नाही. उलट कुंपणावरून कुंदाताईंना वाटीत भात दाखवत म्हणाली, "बघ गो वयनी, रोजचीच पेज, पण लग्नघरातली वाटता."

कुंदाताई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी तो पायजमा मोरीत चार पाण्यांतून काढला.

पाचव्या दिवशी मागच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, गुलाबी डाग उमटला.

"आला!" विद्याधरराव ओरडले. "कुंदा, आला गं! कबुलीजबाब आला!" त्यांनी डागाभोवती पेन्सिलीने गोल केला, तारीख घातली आणि सही दोनदा केली.

कुंदाताई डागाकडे बघत राहिल्या. मग त्या मागच्या दाराने बाहेर गेल्या. वाफ्यातला चिखल गुलाबी झाला होता. अळूच्या कोवळ्या पानांच्या शिराही गुलाबी दिसत होत्या. चार पाण्यांतून निघालेला तो रंग मोरीतून सरळ इथे आला होता आणि इथून भिंतीत. सहदेवच्या टाकीतला एक थेंबही तिकडून इकडे आलेला नव्हता. पोलिसांनी स्वतःच्याच पायजम्यावरून शेजाऱ्याला पकडावं, तसला हा प्रकार होता.

बाईमाणूस घाबरलं की हाताला काम शोधतं. कुंदाताईंनी विळी घेतली, गुलाबी शिरांची सगळी पानं कापली आणि दुपारपर्यंत त्यांच्या वड्या करून टाकल्या. विद्याधररावांनी त्या पुराव्याच्या अकरा वड्या खाल्ल्या आणि आज चव वेगळीच लागतेय असं म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी सहदेवला बोलावून घेतलं. भांडणाची तयारी म्हणून त्यांनी तीन पानी पत्र लिहून ठेवलं होतं. टाकी का पाडावी याची सात कारणं, क्रमवार. सहदेव भिंतीपुढे उकिडवा बसला. त्याने डागावरून बोट फिरवलं.

"माका वाटलेला, तुमी उगाच माज्या टाकीच्या फाटसून लागलास," तो शेवटी म्हणाला. "पण रंग काय खोटा बोलना नाय. चार फावटी सिमेंट मारलंय मी आतसून. तरीपण गळता म्हंजे बांधूकच जमाक नाय माका."

"तसं नाही सहदेव..." विद्याधरराव पत्र उलगडत म्हणाले.

"ऱ्हवांदे ता. उत्तराक मी खांद्यार बसवन शाळेत न्हेलंय, पाऊस आसलो की. तिचा बाळंतपण हयच होवक व्हया. टाकी काय, परत बांधूक येतली. उद्या सकाळी पाणी भरून घेतंय आणि फोडतंय." तो उठला, ताटलीतली एक वडी तोंडात टाकली आणि पायात चपला घालता घालता स्वयंपाकघराकडे बघून म्हणाला, "वयनी, वडी मस्त झाली हा."

विद्याधरराव हातात पत्र घेऊन उभे राहिले. सातांपैकी एकही कारण सांगायची वेळ आली नव्हती, त्यामुळे ते थोडे हिरमुसले. स्वयंपाकघरात कुंदाताई ओट्याला धरून उभ्या होत्या. त्यांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. एक अळू वाचवायला त्यांनी सहा वर्षं नवऱ्याला वेडं केलं, आणि आता त्या भल्या माणसाला त्याच्या हातचं एकुलतं एक बांधकाम स्वतःच्या हाताने पाडायला लावत होत्या. आणि ते पाडूनही भिंत ओलीच राहणार होती.

सकाळी पाणी येऊन गेलं. प्रेमाने घरातला हंडा, कळशी, पातेली, एवढंच काय गणपतीच्या आरासीतली पितळी परातही भरून दारात ओळीने मांडून ठेवली. धाकू घण घेऊन आला होता. त्याला कशासाठी बोलावलंय हे इथे आल्यावर कळलं, आणि तेव्हापासून तो सगळ्यांची नजर चुकवत होता. विद्याधरराव साक्षीदार म्हणून वही-पेन घेऊन उभे होते. सहदेवने टाकीवरून एकदा हात फिरवला आणि धाकूला म्हणाला, "मार. पयलो तू मार. माज्यान होवचा नाय."

धाकूने घण उचलला.

"धाकू, घण खाली ठेव."

कुंदाताई मागच्या दारातून आल्या. पदर कमरेला खोचलेला, हातात कुदळ. विद्याधररावांना वाटलं, ही मदतीला आली.

"टाकी गळत नाही," कुंदाताई म्हणाल्या. "भिंत माझ्यामुळे ओली आहे. माझ्या अळूमुळे. विचारा धाकूला."

धाकूने आभाळाकडे पाहिलं. आभाळात मदत करण्यासारखं काही नव्हतं. "बाई म्हणतात ते खरं आहे, साहेब. माती डांबराच्या वर गेलीय. सहा वर्षं झाली."

"पण रंग?" विद्याधरराव म्हणाले. "गुलाबी रंग?"

"तो तुमच्या पायजम्याचा. मी मोरीत धुतला. मोरीचं पाणी अळूला जातं, अळूचं भिंतीला."

विद्याधररावांनी वहीत बघितलं, जणू तिथे या बोलण्याचं खंडन लिहिलेलं असेल. "तुला हे सहा वर्षं माहीत होतं?"

"हो."

"आणि मी महापालिकेला एकोणीस पत्रं लिहिली!"

"मीच टाकायची ना ती पेटीत."

"मग बोलली का नाहीस तू?"

"बोलले असते तर अळू काढावा लागला असता." इथवर कुंदाताईंचा आवाज चांगला होता, पुढे तो फुटला. "आईने दिलेला आहे हो तो. नागावला आता काय आहे माझं? तुम्ही सगळे आपापल्या घरात आहात. मला माहेर म्हणून तेवढंच होतं." त्यांनी पदराने नाक पुसलं. "पण उत्तराला तिचं नको का?"

विद्याधररावांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत गुन्हेगाराने आपण होऊन येऊन गुन्हा कबूल केल्याची एकही केस नव्हती, आणि त्यापुढे काय करायचं हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"साहेब, एक बोलू?" धाकू म्हणाला. "या भिंतीची ओल आपण सगळ्यांनीच खाल्ली आहे. मी वर्षातून आठ खाल्ल्या. तुमचा हिशेब मी धरत नाही."

सगळ्यांत आधी प्रेमाला हसू फुटलं. सहदेवच्या डोक्यात मात्र भलतंच चाललं होतं. तो कुंदाताईंच्या अगदी जवळ आला. "वयनी, म्हंजे माजी टाकी गळणा नाय?"

"एक थेंब नाही, सहदेवभावजी. माफ करा मला."

"आयकलंस गो!" तो बायकोकडे वळून ओरडला. "एक थेंब नाय म्हणतत! माजी टाकी गळणा नाय!" माफीबिफी त्याला ऐकूच गेली नसावी.

विद्याधररावांनी खिशातलं तीन पानी पत्र काढलं, चार तुकडे केले आणि सहदेवकडे न बघता म्हणाले, "टाकी चांगली बांधलीस रे. मी... म्हणजे क्लेम फेटाळला."

पहिली कुदळ कुंदाताईंनी स्वतः मारली. दुसरी मारवेना, तेव्हा धाकूने त्यांच्या हातातून घेतली. दुपारपर्यंत दीड हात माती उतरली आणि विटांच्या दोन ओळींमध्ये डांबराची काळी रेघ दिसली, सासऱ्यांनी घातली तशी, कुठे तडा नाही. वाफ्यातून गड्डे निघाले ते पाटीभर. नागावहून आले तेव्हा तीन होते. कुंदाताईंनी ते ओल्या गोणपाटावर मांडले आणि तिथेच बसून राहिल्या. अंगणात दुसरी जागा नव्हती. पुढे फरशी, बाजूला रस्ता. फेकायचे म्हटलं तर हात उठेना.

कुंपणापलीकडून प्रेमा कधीची बघत होती. "हय हाड ते," ती म्हणाली. "आमच्या टाकीच्या मुळात लावया. पलीकडच्या अंगाक, भित्तीपासून लांब."

"अगं, तुमची टाकी खराब..."

"टाकी गळता म्हणान दादा चार वर्सां सांगतत," सहदेव म्हणाला. "अळवाक तितक्याच पाणी व्हया. एकदा तरी त्यांचा खरा होवंदे."

पण टाकी खरोखरच गळत नव्हती. त्यामुळे अळू जगवायला सहदेवला रोज पहाटे एक बादली स्वतः ओतावी लागायची, आणि ओतताना तो प्रत्येक वेळी विद्याधररावांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचा, की टाकीतून पाणी येत नाही म्हणून ओततोय.

धाकूने भिंतीचा सगळा गिलावा झोडून काढला. त्यात पावडर, ऑइलपेंट आणि विद्याधररावांच्या सह्या, सगळंच गेलं. एप्रिलभर विटा उघड्या ठेवल्या. त्यांच्यावर मीठ फुललं, ते कुंदाताई रोज खराट्याने झाडत. मोरीच्या पाण्याला नळी घालून ते गटारात सोडलं. वाफ्याच्या जागी दगडी लादी बसवली. मेच्या पहिल्या आठवड्यात धाकूने चुन्याचा गिलावा केला, आणि या वर्षी ताटलीत आठ वड्या नसल्या तरी त्याने हात नीट चालवला.

शेवटच्या रविवारी नलिनीबाई आल्या. कॅलेंडर एकही नव्हतं. त्यांनी तळवा लावला. वास घेतला. मग भिंतीला पाठ लावून बसल्या, तिथेच चहा घेतला, तिथेच अर्धा तास सुनेच्या डोहाळ्यांविषयी बोलल्या, आणि उठून कुंदाताईंकडे पाठ करून म्हणाल्या, "बघा."

गडद पातळावर चुन्याची थोडी पूड होती. ओल नव्हती.

"सातव्यात आणून सोडते," नलिनीबाई म्हणाल्या. "वड्या नाही केल्यात आज?"

जूनमध्ये उत्तरा आली. खिडकीखालच्या खाटेवर पाय पसरून, कोरड्या भिंतीला टेकून बसली. दोन दिवस तिने आईच्या हातचं सगळं खाल्लं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, अळूवडी कर ना. चार महिने झालेत, दुसरं काही डोक्यातच येत नाही."

कुंदाताईंनी सवयीने विळी उचलली आणि मागच्या दाराने बाहेर गेल्या. समोर दगडी लादी होती, स्वच्छ धुतलेली. त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग विळी ठेवून त्या कुंपणाला वळसा घालून सहदेवच्या दारात गेल्या. पंचवीस वर्षांत अळू मागायला त्या कोणाच्या दारात गेल्या नव्हत्या, आणि आता शब्द कसा काढावा हे त्यांना सुचत नव्हतं.

टाकीच्या मुळाशी अळू कमरेएवढा वाढला होता. पान ताटाएवढं.

"प्रेमा, उत्तराला जरा... तुझी हरकत नसेल तर चार पानं..."

प्रेमाने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं खुळ्या माणसाकडे बघतात. तिने मोठाली अकरा पानं कापली, देठ मोडून एकावर एक रचली. मग आत जाऊन करंडा घेऊन आली, कुंदाताईंना हळदीकुंकू लावलं, त्यांचाच पदर पुढे ओढला आणि पानांबरोबर मूठभर तांदूळ आणि सहदेवच्या पाटीतला एक नारळ त्यात घातला.

"अगं, हे काय गं?"

"माहेरसून कोण रिकाम्या पदरान जाता काय?" प्रेमा म्हणाली. "आणि पुढच्या येळाक इचारत येव नको."

कुंदाताई पदर दोन्ही हातांनी धरून परत आल्या. दारात विद्याधरराव पेन्सिल घेऊन उभे होते. भिंतीवर दोन महिने रेघ मारायला मिळाली नव्हती, त्यामुळे ते कोणाचीही चौकशी करायला तयार होते.

"कुठे गेली होतीस?"

"माहेरी," कुंदाताई म्हणाल्या, आणि पानं धुवायला घेतली.